देखरेखीचा अभाव

दिवसा मी बावीस नंबरची बस चालवते,
डंडीच्या चढावरून खाली नदीपर्यंत, पुन्हा वर.
रात्री बालन्याय शिकते. वय एकेचाळीस.
पुस्तक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभं असतं,
काटा म्हणतो, एक किलो दोनशे.

या देशात पूर्वी
आठ वर्षांचं मूल गुन्हेगार ठरू शकत होतं.
आता बारा.
मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय :
आठव्या वर्षी सुळेसुद्धा दुधाचेच असतात.

मंगळवारी मात्र तागाच्या जुन्या गिरणीत,
जिथे आता सायकली दुरुस्त होतात,
स्ट्रुअन मला शिकवतो.
चौदा वर्षांचा. बोलणं कमी, शिंकणं फार.
साखळीची कडी कशी सोडवायची,
पिन पुरती बाहेर का काढायची नाही.
"निम्मी आत राहू दे,
नाहीतर बसशील शोधत रात्रभर."
कागदोपत्री मार्गदर्शक मी आहे.

हिवाळ्यात शाळा बुडवून त्याने एक स्कूटर पळवली.
किल्ली लावलेलीच होती,
पिझ्झावाला जिना चढत होता.
पुलाच्या तोंडाशी, धुक्यात, कठडा लागला.
मनगट मोडलं.
पिझ्झा, तो आवर्जून सांगतो, जसाच्या तसा होता.

माझ्या प्रबंधात तो "मुलगा क".
नाव नाही, गल्ली नाही, शिंक नाही.
सही घेण्याआधी मजकूर दाखवायचा असा दंडक,
म्हणून मसुदा त्याच्या हातात दिला.
ओळीखाली बोट ठेवत तो वाचत गेला,
बोटामागून ग्रीस उमटत गेलं.
सहाव्या पानावर बोट अडलं.

"हे काय? घरात देखरेखीचा अभाव?"
"तशी संज्ञा आहे," मी म्हटलं.
"आई झोपली होती."
"हो, पण..."
"पण काय? मासळीच्या कारखान्यातून सकाळी सातला आली.
माझा डबा भरला. मग झोपली.
अभाव कुठला? आई होती की घरात.
झोपलेली होती.
तसं लिही."

मला वाटलं होतं, चोरी या शब्दावर चिडेल.
त्यावरून बोट नुसतं पुढे गेलं.
"ती केली मी," म्हणाला, आणि नाक पुसलं.

घरी येऊन खोडलं.
आई झोपली होती, एवढंच लिहिलं.
तळटीपांच्या गर्दीत ते वाक्य
अनवाणी उभं राहिल्यासारखं दिसत होतं.
डॉक्टर ऑक्टरलोनींनी लाल गोल केला :
हा किस्सा झाला, पुरावा नव्हे.
त्यांचं चूक नाही. तीन गुण गेले.

सुनावणीच्या खोलीत न्यायाधीश नसतो.
एक लांब टेबल, पाण्याचा जग,
आणि शेजारपाजारची वाटावीत अशी तीन माणसं.
त्यातली एक बाई रोज माझ्याच बसने जाते,
पास दाखवताना मान हलवते.
आज गणवेश नव्हता, तिने ओळखलं नाही.

लॉर्ना कामावरून थेट आली होती,
कोटाचं एक बटण भलत्याच काजात.
साखर आणि भांड्यांचा साबण चोळून
स्ट्रुअनने हात धुतले होते,
तरी नखांच्या कडा काळ्याच.
अहवाल वाचला गेला. दुसऱ्या पानावर
तेच शब्द आले, माझ्या सहाव्या पानावरचे,
कुणा दुसऱ्याच्या हातचे.
वाचणाऱ्याचा आवाज मऊ होता.
लॉर्नाने मान खाली घातली.

स्ट्रुअनने माझ्याकडे पाहिलं.
मी मध्ये बोलायचं नसतं.
ओठ मिटून बसले, नियम पाठ होता.
मांडीवरची माझी बोटं मात्र
नसलेली पिन ढकलत होती, निम्मीच.

"तुला काही सांगायचंय?" बसवाल्या बाईने विचारलं.

तो शिंकला.
मग म्हणाला, "दुसरं पान काढा.
तिथं एक चूक आहे."

तिघांनीही पानं उलटली.
लॉर्नाचा हात कोटावर गेला,
बटणापाशी थांबला.